अपघातात घरचं माणूस गेलं तर भरपाईचं काम कसं करायचं

दारावर बसायला येणाऱ्या माणसांत एक जण असतोच, जो तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरातल्या मोठ्या माणसाला बाजूला घेतो आणि हळूच म्हणतो, आप्पा, गाडीमालक चांगला माणूस आहे, दोन लाख द्यायला तयार आहे, कशाला कोर्टकचेरी करता, ड्रायव्हर पोराचं आयुष्य कशाला बरबाद करता. आणि घरात कोणाचं डोकं ठिकाणावर नसतं. बाई भिंतीला टेकून बसलेली असते, म्हातारी "पैसा लिसन काय करू, माणूस तं गया" म्हणत असते, आणि स्टॅम्पवर सह्या होऊन जातात. हे मी आमच्या नात्यातच दोनदा पाहिलंय, म्हणून सगळं एका ठिकाणी लिहून काढतोय. मी वकील नाही. मावसभाऊ गेला तेव्हा त्याच्या घरचं सगळं काम मी केलं, पाच-सहा वर्षं तारखा केल्या, आणि त्यानंतर गावातल्या बऱ्याच घरांसोबत कागद घेऊन फिरलोय.

पहिली गोष्ट, गंधमुक्ती, म्हणजे सुतक संपायचा विधी, होईपर्यंत कशावरच सही करू नका, गाडीमालकाच्या नाही, इन्शुरन्सवाल्याच्या नाही, आणि जो स्वतःहून घरी आलाय त्या वकिलाच्या एजंटच्या तर अजिबात नाही. "आम्ही आता बोलायच्या स्थितीत नाही, दशक्रियेनंतर बघू" एवढंच सांगा.

पण सही नाही म्हणजे काहीच करायचं नाही असं नाही. घरातला एक जण, भाऊ, साडू, भाचा कोणीही, त्याने रडणं बाजूला ठेवून पहिल्या आठवड्यात पोलीस स्टेशनला जायचं. एफआयआरची कॉपी घ्यायची आणि ती नीट वाचायची, नुसती फाईलला लावायची नाही. गुन्हा कोणावर दाखल झालाय ते बघा. बऱ्याच वेळा असं होतं की मोटारसायकलवाला जागीच जातो, ट्रक ड्रायव्हर जिवंत असतो, तो सांगतो की हाच माझ्या अंगावर आला, आणि मयतावरच गुन्हा लागतो. मेलेला माणूस काही सांगायला येत नाही. असं झालं असेल तर घाबरून भरपाईचा क्लेम सोडू नका, पण लगेच हालचाल करा, घटनास्थळाच्या पंचनाम्याची कॉपी घ्या, त्यातला नकाशा बघा, गाडी रस्त्याच्या कुठल्या बाजूला होती, टायर घासल्याच्या खुणा कुठे, काचा कुठे पडल्या, ते बघा आणि ज्यांनी पाहिलं त्या टपरीवाल्याचा, शेतात पाणी भरणाऱ्याचा जबाब व्हावा म्हणून लेखी अर्ज द्या आणि अर्जावर पोहोच घ्या. ढाब्यावर, पेट्रोल पंपावर कॅमेरा असेल तर त्याच दिवशी जा, ते फुटेज काही दिवसांत आपोआप पुसलं जातं. साक्षीदार लोक घाबरतात, त्यांना सांगा की मदत करणाऱ्याला, माहिती देणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून मोटार वाहन कायद्यात आता कलम १३४अ आहे.

बाकी कागद असे: इन्क्वेस्ट (मृतदेहाचा) पंचनामा, पीएम म्हणजे पोस्टमॉर्टेम रिपोर्ट, मृत्यूचा दाखला, समोरच्या गाडीची आरसी, इन्शुरन्स पॉलिसी, ड्रायव्हरचं लायसन, ट्रक-टेम्पो असेल तर परमिट आणि फिटनेस. दवाखान्यात दोन दिवस जरी ठेवलं असेल तरी प्रत्येक मेडिकलचं बिल, ॲम्ब्युलन्सची पावती सांभाळा. १ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल, ज्याला डीएआर म्हणतात, मोटार अपघात ट्रिब्युनलकडे, म्हणजे भरपाई ठरवणाऱ्या कोर्टाकडे पाठवायचा असतो, आणि त्या अहवालावरूनच क्लेम सुरू होऊ शकतो असं कायदा म्हणतो. तुम्ही मात्र त्या भरवशावर राहू नका, डीएआर पाठवला का ते जाऊन विचारा आणि आपला अर्ज वेगळा तयार ठेवा.

आता फौजदारी केस आणि भरपाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लोकांच्या लवकर लक्षात येत नाही. ड्रायव्हरवर जी केस चालते ती निष्काळजीपणाने मृत्यूची, आधी आयपीसी ३०४अ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. ती केस सरकार चालवतं आणि त्यात गुन्हा पक्का सिद्ध व्हावा लागतो. भरपाईचा क्लेम आपण टाकायचा, मोटार अपघात ट्रिब्युनलमध्ये, आणि तिथे एवढंच बघतात की चूक त्याची असण्याची शक्यता जास्त आहे का. म्हणून ड्रायव्हर फौजदारीत सुटला तरी क्लेम मरत नाही. आणि हो, "केस मागे घ्या म्हणजे पैसे देतो" असं कोणी म्हणालं तर समजून घ्या की क्लेमचे पैसे बहुतेक वेळा मालकाच्या खिशातून जातच नाहीत, थर्ड पार्टी इन्शुरन्स, म्हणजे गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर त्याचा विमा, असेल तर कंपनीला द्यावे लागतात. गाडीमालकाला दोन लाखांत मिटवायची एवढी घाई असते तेव्हा विचारा, बाबा पॉलिसी चालू होती ना? ड्रायव्हरकडे लायसन होतं ना? लायसन नसलं तरी कोर्ट बऱ्याच केसेसमध्ये कंपनीला आधी वारसांना पैसे द्यायला लावतं आणि मग मालकाकडून वसूल करायला सांगतं. पॉलिसीच नसेल तर मात्र मालकावरच येतं, मग त्याच्या मालमत्तेची माहिती काढावी लागते.

क्लेम कुठे टाकायचा? अपघात जिथे झाला तिथे, किंवा तुम्ही जिथे राहता तिथे, किंवा समोरचा जिथे राहतो तिथे. म्हणजे अपघात पळासनेरला आग्रा हायवेवर झाला असला आणि तुम्ही रावेर तालुक्यात राहत असाल तर धुळ्याला खेटे मारायची गरज नाही, तुमच्या जिल्ह्यात टाका. मुदत अपघातापासून सहा महिने. आधी अशी मुदत नव्हती, त्यामुळे जुने लोक अजून सांगतात की क्लेम कधीही टाकता येतो, त्यांचं ऐकू नका, सहा महिने म्हणजे सहा महिने धरूनच चाला. आणि उशीर झालाच असेल तर आता काय होणार म्हणून घरी बसू नका, वकिलाला भेटा, उशिराचं काय करायचं ते तो बघेल.

वकिलाबद्दल. टक्क्यावर केस घेतो असं बरेच जण बोलतात, बार कौन्सिलच्या नियमांत निकालावर अवलंबून फी घ्यायला परवानगी नाही, म्हणून फी आधी ठरवा आणि लिहून घ्या. कोऱ्या चेकवर, कोऱ्या विड्रॉवल स्लिपवर सही अजिबात देऊ नका, हे मी हात जोडून सांगतो. पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, ऑफिस कोर्टाच्या आवारातच असतं, बाईला आणि एससी-एसटीच्या माणसाला उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो. हेल्पलाईन १५१०० आहे.

आता हिशोब. हा भाग नीट वाचा, कारण भरपाई म्हणजे जज मनाने देतो ती रक्कम नाही, तिचं गणित ठरलेलं आहे. सुप्रीम कोर्टाने २००९ मध्ये सरला वर्मा केसमध्ये आणि २०१७ मध्ये प्रणय सेठी केसमध्ये ते पक्कं केलं. माणसाचं वर्षाचं उत्पन्न घ्यायचं. त्यात पुढे वाढलं असतं म्हणून भर घालायची, स्वतःचा धंदा किंवा खाजगी काम असेल आणि वय ४० च्या आत असेल तर ४० टक्के, ४० ते ५० मध्ये २५ टक्के, ५० ते ६० मध्ये १० टक्के. पक्की नोकरी असेल तर हेच ५०, ३० आणि १५. मग तो स्वतःवर जे खर्च करायचा ते वजा, लग्न झालेलं नसेल तर साधारण अर्धं, मागे दोन-तीन माणसं अवलंबून असतील तर एक तृतीयांश, चार ते सहा असतील तर एक चतुर्थांश, त्याहून जास्त असतील तर एक पंचमांश. आणि जे उरलं त्याला वयाप्रमाणे गुणायचं, २५ पर्यंत १८ ने, ३० पर्यंत १७ ने, ३५ पर्यंत १६ ने, ४० पर्यंत १५ ने, ४५ पर्यंत १४ ने, ५० पर्यंत १३ ने, मग ५५ पर्यंत ११, ६० पर्यंत ९, ६५ पर्यंत ७, आणि पुढे ५.

माझ्या मावसभावाचं सांगतो. वय ३४, स्वतःचा टेम्पो, सावद्याकडून केळी भरायचा. पावसाळ्यात रात्री हायवेवर समोरून चुकीच्या बाजूने आलेल्या गाडीने उडवलं. मागे वहिनी, दोन लेकरं आणि मावशी, म्हणजे चार माणसं. महिन्याला सगळं जाऊन १५ हजार राहायचे, घरात सगळ्यांना माहीत. वर्षाचे १,८०,०००, त्यात ४० टक्के भर म्हणजे २,५२,०००, चौथा हिस्सा वजा केला की १,८९,०००, गुणिले १६, झाले ३०,२४,०००. पण ट्रिब्युनलने विचारलं, १५ हजाराचा पुरावा काय? पुरावा होता. त्याची खिशातली वही होती, लाल पुठ्ठ्याची, प्रत्येक फेरी, माल कोणाचा, भाडं किती, डिझेल किती, सगळं त्यात. ती वही टेम्पोच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात होती, आणि टेम्पो दोन महिने पोलीस स्टेशनच्या आवारात पावसात उभा. कोणाच्या डोक्यातच आलं नाही. आम्ही गाडी सोडवायला गेलो तेव्हा मी कप्पा उघडला तर वहीचा लगदा झालेला, निळी शाई सगळीकडे पसरलेली, एका पानावर फक्त "सावदा" आणि डिझेलचा एक आकडा वाचता येत होता. वहिनीने ती वही अजून ठेवलीय. ट्रिब्युनलने पुरावा नाही म्हणून महिन्याला ८ हजार धरले. त्याच गणिताने ९६,००० चे १,३४,४००, वजा जाता १,००,८००, गुणिले १६, फक्त १६,१२,८००. चौदा लाख अकरा हजारांचा फरक, एका वहीमुळे.

म्हणून पंचनामा झाला की पोलिसांना विचारून, लेखी देऊन, गाडीतल्या वस्तू लगेच ताब्यात घ्या. आणि उत्पन्नाचा पुरावा म्हणजे पगाराची स्लिपच पाहिजे असं नाही. आम्ही अपिलात टेम्पोच्या कर्जाचं स्टेटमेंट लावलं, दर महिन्याला ७ हजारांचा हप्ता वेळेवर जात होता, जो माणूस ७ हजार हप्ता भरून चार माणसांचं घर चालवतो त्याची कमाई ८ हजार कशी असेल? हायकोर्टाने १२ हजार धरले. तर शोधा, केळीच्या काट्याच्या पावत्या, कापूस किंवा मका मार्केटला दिल्याच्या पट्ट्या, दूध डेअरीचं कार्ड, गूगल पे, फोन पे, बँक पासबुक, बचत गटाचा हप्ता, एलआयसीची पावती, लेकरांच्या इंग्लिश मीडियमची फी, आणि ज्याच्याकडे कामाला होता त्याला साक्षीला आणा. इन्कम टॅक्सचं रिटर्न भरत असेल तर उत्तम, पण माणूस गेल्यावर मागच्या वर्षांचं रिटर्न भरून आणू नका, कंपनीचा वकील उलटतपासात ते पहिलं काढतो आणि मग खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास जातो.

शेतकऱ्याचं वेगळं सांगायला पाहिजे, आपल्याकडे तेच जास्त. सातबारा लावून शेतीचं पूर्ण उत्पन्न मागितलं तर कंपनीचा वकील म्हणतो जमीन तर आहे ना जागेवर, वारसांना मिळाली, मग नुकसान कसलं. आणि कोर्ट ते बऱ्यापैकी मानतं. मग दाखवायचं हे की तो स्वतः जे करायचा, बाग सांभाळणं, पाणी, फवारणी, मजूर लावणं, माल विकणं, ते आता कोण करतं आणि त्याला किती द्यावे लागतात. सालदार ठेवला असेल किंवा शेत बटाईने दिलं असेल तर त्याचा कागद करा, तो कागदच नुकसान सांगतो. घरकाम करणारी बाई गेली असेल तर "ती कुठे कमवत होती" हे कोणाकडून ऐकून घेऊ नका, २०२१ मध्ये कीर्ती केसमध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की गृहिणीच्या कामाचं उत्पन्न धरायचं. आपल्याकडे तर तीच बाई घरकाम करून निंदायला, कापूस वेचायलाही जाते, तेही सांगा.

या रकमेवर वारसांच्या दुःखापोटी प्रत्येकी ४०,०००, बायको, प्रत्येक लेकरू, आई-वडील सगळ्यांना, शिवाय अंत्यविधीचे १५,००० आणि इस्टेटीच्या नुकसानीचे १५,०००, हे २०१७ चे आकडे, दर तीन वर्षांनी १० टक्के वाढ. दोन वाढी धरल्या तर ४८,४०० आणि १८,१५०. शिवाय अर्ज टाकल्यापासून व्याज, साधारण ६ ते ९ टक्के. म्हणून सगळ्या वारसांची नावं टाका. विधवा सुनेला माहेरी पाठवून सासरच्यांनीच अर्ज टाकायचा हा प्रकार होतो, तो चुकीचा आहे, आणि तिने पुढे दुसरं लग्न केलं तरी तिचा हक्क जात नाही, मुंबई हायकोर्टाने २०२३ मध्ये हे सांगितलंय.

आता एक धोक्याची जागा. कायद्यात कलम १६४ आहे, त्यात चूक कोणाची हे सिद्ध न करता मृत्यूला ५ लाख मिळतात. ऐकायला बरं वाटतं, लवकरही मिळतात. पण इन्शुरन्सकडून ते ५ लाख त्या पद्धतीने स्वीकारले की कलम १६६ चा, म्हणजे वर हिशोब केलेला मोठा क्लेम संपतो. वरचा हिशोब करून बघा आणि मगच ठरवा. मयताची चूक असल्याची भीती आहे, वय जास्त आहे, मागे अवलंबून माणूस एकच आहे, तिथे ५ लाख शहाणपणाचे असू शकतात. ३४ वर्षांच्या बापाच्या घरात नाही. मयताची थोडी चूक धरली, समजा ३० टक्के, तर तेवढे कापून बाकीचे मिळतात.

गाडी उडवून पळून गेली आणि सापडलीच नाही तर हिट अँड रनची वेगळी योजना आहे, मृत्यूला २ लाख, तहसीलदार किंवा प्रांत ऑफिसला अर्ज करायचा, मंजुरी कलेक्टरकडून. पुढे गाडी सापडली तर क्लेम टाकता येतो, हे पैसे त्यातून वळते होतात. आणि ज्याची स्वतःचीच चूक होती, एकट्याने गाडी घसरून गेला, त्याच्या घरच्यांनी त्याच्याच बाईकची पॉलिसी काढून बघावी, मालक-चालकाचा १५ लाखांचा पीए (पर्सनल ॲक्सिडेंट) कव्हर असतो, गाडी त्याच्या नावावर आणि लायसन चालू पाहिजे. हे कितीतरी घरांना माहीतच नसतं.

ट्रकवर, टेम्पोत मागे बसून जाणाऱ्या मजुरांचं सगळ्यात अवघड आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये यावल तालुक्यात किनगावजवळ पपई भरलेला ट्रक उलटला, किमान १५ मजूर गेले, तो दिवस आपल्याकडचं कोणी विसरलेलं नाही. मालाच्या गाडीत भाडं देऊन किंवा असंच बसलेल्या माणसाची जबाबदारी इन्शुरन्स कंपनी घेत नाही, सुप्रीम कोर्टाने २००३ मध्ये तसं ठरवलंय. मालाचा मालक किंवा त्याचा माणूस म्हणून मालासोबत बसला असेल तर मात्र घ्यावी लागते. गाडीमालकाने कामावर ठेवलेला मजूर असेल तर कामगार भरपाईचा रस्ताही असतो. म्हणून पहिल्या जबाबात "गाडीत बसून चालले होते" एवढंच लिहू देऊ नका, कोणाचा माल, कोणाच्या सांगण्यावरून, भरायला-उतरवायला कोण नेत होतं, जे खरं आहे ते पूर्ण लिहायला लावा. तो मजूर दोन ठिकाणी, म्हणजे ट्रिब्युनल आणि कामगार भरपाई, दोन्हीकडे घेऊ शकत नाही, एकच निवडावं लागतं.

क्लेमशिवाय दोन गोष्टी लगेच बघा. बँक पासबुकात वर्षाला २० रुपये कटलेत का, ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा, अपघाती मृत्यूला २ लाख. आणि शेतकऱ्याचं घर असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान, तेही २ लाख, तालुका कृषी ऑफिसला अर्ज. सातबाऱ्यावरचा खातेदार आणि घरातला एक जण, वय १० ते ७५. यातले पैसे मिळाले म्हणून क्लेम सोडायचा नसतो. रेल्वेतून पडून गेला असेल तर हे सगळं लागू नाही, रेल्वे क्लेम ट्रिब्युनल वेगळं, तिथे मृत्यूला ८ लाख.

लोकअदालतीत तडजोडीला बोलावतात. जा, वाईट काही नाही, पैसे लवकर मिळतात, पण वर केलेला हिशोब कागदावर लिहून खिशात घेऊन जा, कारण तिथे एकदा मान्य केलं की अपील नाही. केस चालून निकाल आला आणि कमी वाटला तर ९० दिवसांत हायकोर्टात अपील, आपलं खान्देशचं संभाजीनगरच्या औरंगाबाद खंडपीठात जातं.

पैसे आले की सगळे हातात मिळत नाहीत, लेकरांच्या नावाचे एफडीत जातात, ते १८ वर्षांचे होईपर्यंत. बाईच्या हिश्श्यातलीही काही रक्कम एफडीत टाकतात आणि व्याज तिच्या खात्यात येतं. खातं तिच्या एकटीच्या नावाचं उघडा, दिरासोबत जॉइंट नको. मध्येच गरज पडली, दवाखाना आहे, पोरीची अकरावीची ॲडमिशन आहे, तर एफडी मोडायला त्याच ट्रिब्युनलला अर्ज करता येतो. आमच्या वहिनीने गेल्या जूनमध्ये केला, कॉलेजची फीची पावती, हॉस्टेलचं पत्र आणि मार्कशीट जोडली, तीन आठवड्यांत ऑर्डर झाली आणि पैसे कॉलेजच्या खात्यात गेले.